लाल वाट, ओला व्हाळ : सायकलवाल्या वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात गोव्यातल्या म्हादई नदीच्या खोऱ्यात दोन दिवस केलेल्या सायकलफेरीबद्दल लिहिलं होतं, डांबरी सोडून कच्च्या वाटांनी, ग्रॅव्हल बाईकवर. त्यानंतर एवढी पत्रं आणि मेसेज आले की प्रत्येकाला वेगळं लिहिणं काही जमेना, म्हणून इथेच उत्तरं देतोय. एकच गोष्ट चार जणांनी विचारली असेल तर एकाचंच पत्र घेतलंय, बाकीच्यांनी राग मानू नये. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलं, म्हणून सगळ्यांचीच गाळली आणि फक्त गाव ठेवलं.

प्रश्न (डिचोली) : दादा, माझ्याकडे पाच वर्षं जुनी हायब्रिड सायकल आहे. ग्रॅव्हल बाईकच्या किमती बघून डोळे पांढरे झाले. रानातल्या वाटांनी फिरायला ती घ्यायलाच लागते का? आणि तिच्यात एवढं वेगळं असतं तरी काय?

उत्तर : लगेच घेऊ नका. आहे ती सायकल घेऊन एक पावसाळा आणि एक उन्हाळा फिरा, मग काय कमी पडतंय ते तुमचं तुम्हालाच कळेल.

वेगळं काय तर, हँडल रोड बाईकसारखं वाकडं पण टायर जाड, ३५ पासून ५० मिलिमीटरपर्यंत, डिस्क ब्रेक, आणि फ्रेम जरा लांब केलेली, त्यामुळे खडबडीत उतारावर सायकल बिचकत नाही. हा प्रकार अमेरिकेत वाढला. कॅन्सस राज्यात फ्लिंट हिल्स म्हणून टेकड्या आहेत, तिथले शेताकडे जाणारे रस्ते खडीचे, त्या रस्त्यांवर २००६ साली एम्पोरिया गावातून २०० मैलांची म्हणजे जवळजवळ ३२० किलोमीटरची रेस सुरू झाली, आज तिला अनबाउंड म्हणतात. २०१९ मध्ये शिमानो कंपनीने खास ग्रॅव्हलसाठी जीआरएक्स नावाचे गियर काढले, २०२२ मध्ये इटलीत पहिली जागतिक स्पर्धा झाली. हे एवढं सांगतोय कारण आपण टायर घेतो ते तिथल्या लोकांचे व्हिडिओ बघून, आणि तिथली जमीन निराळी आहे. तिथला दगड चकमकीचा, तो टायर ब्लेडसारखा कापतो. आपला लाल जांभा दगड कापतो कमी आणि घसरवतो जास्त. जानेवारीनंतर जांभ्याचा उघडा सडा तापून सुटला की वरचे बारीक गोल खडे चाकाखाली गोट्यांसारखे फिरतात, जूनच्या पहिल्या पावसात तीच माती लोण्यासारखी होते, जुलैत दगडावर काळं-हिरवं शेवाळ धरतं, आणि ऑक्टोबर संपता संपता सगळं दबून अशी घट्ट लाल वाट तयार होते की तिच्यावरून उतरूच नये असं वाटतं. म्हणून इकडे टायर रुंद असणं आणि हवा कमी असणं या दोनच गोष्टी खऱ्या कामाच्या. तुमच्या हायब्रिडच्या फ्रेममध्ये किती रुंद टायर बसतो ते दुकानात बघून घ्या, दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर जागा सुटली पाहिजे, नाहीतर लाल चिखल आत अडकून चाक जाम होतं. ४० चा टायर बसला तर बहुतेक काम झालं. माझं वजन ७० किलोच्या आसपास आहे, ट्यूबलेस असेल तर मी ३० ते ३५ पीएसआय हवा ठेवतो, आत ट्यूब असेल तर ४० च्या खाली जात नाही कारण जांभ्याच्या कडेवर आपटून ट्यूब चिमटते.

दुसरा खर्च करायचाच तर गियरवर करा. रोड बाईकच्या हलक्या गियरवर, पुढे ३४ दात मागे २८, एका पॅडलला सायकल २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० पॅडल धरले तर ताशी सव्वानऊ किलोमीटर, त्यापेक्षा हळू जायचं तर पाय अडकत अडकत मारावे लागतात. पुढे ४० मागे ४२ असेल तर एका पॅडलला २.१ मीटर, म्हणजे तेवढ्याच पॅडलला ताशी साडेसात. ऐकायला फरक किरकोळ वाटतो पण केरीहून चोर्ला घाट चढताना हाच फरक गुडघ्यांना कळतो, आणि कच्च्या चढावर तर जास्तच, कारण तिथे उभं राहून जोर मारला की मागचं चाक नुसतं जागेवर फिरतं, बसूनच चढावं लागतं.

आणि एक. आमच्या वाड्यावर पोदेर म्हणजे पाववाला यायचा सकाळी, मागे पावांची पाटी बांधलेली, भोंपू वाजवत, तेव्हा आमची वाट मातीची होती आणि पावसात तर नुसता रेंदा. काळी साधी सायकल, एक गियर. पावाचे उंडे कधी ओले झाले नाहीत त्याचे. सायकल चालवायला मी त्याच्याकडे बघून शिकलो असं म्हटलं तरी चालेल, उतारावर तो कधी ब्रेक आवळून धरायचा नाही, वळणाच्या आधी दाबायचा आणि वळणात सोडून द्यायचा. मोकळ्या खडीवर आजही तेवढंच करायचं असतं.

प्रश्न (मडगाव) : मी ५२ वर्षांची, शाळेत शिकवते. रोज सकाळी वीस किलोमीटर चालवते पण सगळं डांबरावर. जंगल आणि नदी दोन्ही बघायला मिळेल, पण फार चढ नसेल असं काही सुचवाल का? एकटीने जायची थोडी भीती वाटते.

उत्तर : ताई, वीस किलोमीटर रोज म्हणजे तुमची तयारी झालेलीच आहे. माझं ऐकाल तर सांगे-नेत्रावळीची बाजू धरा. सायकल गाडीवर टाकून सांग्यापर्यंत या, तिथून साळावली धरण जवळ आहे. पावसाळ्यात धरण भरलं की पाणी त्या गोल तोंडातून आत कोसळतं, ते एकदा बघण्यासारखं, पण रस्त्याला गर्दीही तेव्हाच असते. सायकलसाठी नोव्हेंबर ते जानेवारी बरा. पुढे नेत्रावळीपर्यंत रस्ता बराचसा डांबरी, शेतं आणि कुळागरं, म्हणजे माड-पोफळींच्या बागा, दोन्ही बाजूंना, मधेमधे मातीचे फाटे फुटतात, त्यातल्या एखाद्यावर अर्धा किलोमीटर आत जाऊन परत यायचं, एवढाच सराव पहिल्या दिवशी पुरे. गोपीनाथाच्या देवळाकडची बुडबुड्यांची तळी तुम्ही पाहिली असेलच, नसेल तर थांबा, टाळी वाजवली की बुडबुडे जास्त येतात असं तिथे सांगतात, माझी मुलगी लहान होती तेव्हा तिने अर्धा तास वाजवल्या.

परतताना रिवणच्या बाजूने या. कुशावतीच्या काठावर पणसायमळ आहे, जांभ्याच्या सपाट कातळावर कोरलेले बैल, हरणं, मोर, नाचणाऱ्या बायका आणि ते गोल गोल चक्रव्यूहासारखं चित्र. गावच्या लोकांना ते आधीपासून ठाऊक होतं, बाहेरच्या जगाला १९९३ मध्ये कळलं. माझी हात जोडून विनंती आहे, सायकल वर रस्त्यावर ठेवून चालत खाली जा. कातळ सपाट आणि मोठा आहे म्हणून काही जण चाकं घालतात त्याच्यावर, मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि जांभा किती मऊ असतो ते चिरे काढणाऱ्या माणसाला विचारा. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी बसून दगडाने घासून काढलेली रेघ आहे ती, आपल्या टायरखाली जाता कामा नये.

भीतीचं म्हणाल तर पहिल्या दोन-तीन वेळा कुणाला तरी बरोबर घ्याच. घरी कुठल्या रस्त्याने जाणार ते लिहून ठेवा, आत काही पट्ट्यांत मोबाईलला रेंज अजिबात नसते. पाणी दोन बाटल्या. खायला मी जत्रेतलं खाजें घेतो, गूळ, आलं, तीळ, बेसन, उन्हात वितळत नाही, खिशात चुरा होत नाही, बाहेरच्या महागड्या जेलपेक्षा मला तेच मानवतं. गावातल्या हॉटेलात पातळ भाजी आणि पाव मिळतो तेवढा खाऊन घ्या, आडसर म्हणजे शहाळं दिसलं तर तेही.

ही वाट आवडली तर पुढच्या वेळी काणकोणात खोतीगावला जा. ८६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, तिकीट काढून आत जाता येतं, उंच झाडांमधून जाणारा शांत रस्ता आणि खाली तळपण नदीचं खोरं. चढ आहेत पण जीव घेणारे नाहीत.

प्रश्न (वाळपई) : मी २१ वर्षांचा. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. पावसात बाकीचे व्हाळातून म्हणजे ओढ्यातून, कॉजवेवरच्या म्हणजे बुटक्या पुलावरच्या पाण्यातून सायकल घालतात, व्हिडिओ काढतात. मी नको म्हटलं की भित्रा म्हणतात. नेमकं किती पाणी असलं तर चालतं?

उत्तर : मित्रा, तू नको म्हणतोस ते बरोबर आहे आणि ते तू मोठ्याने म्हणत राहा.

तुला एक गोष्ट सांगतो, आजवर लिहिली नव्हती. २०१८ चा जुलै, आम्ही तिघे तुमच्या सत्तरी तालुक्यातच होतो, दुपारी तीनची वेळ. सकाळपासून पाऊस नव्हता, ऊन पडलं होतं, तारेवर कपडे वाळत घातलेले दिसत होते गावात. कॉजवेवरून पाणी जात होतं, घोट्याच्या जरा वर. मी म्हटलं थांबूया का, पण म्हटलं ते असं की म्हटल्यासारखंच नाही. माझा मित्र पुढे गेला, सायकलवर बसूनच. मधे शेवाळ होतं, पुढचं चाक सरकलं, सायकल आडवी झाली आणि आडवी झाल्याबरोबर पाण्याने तिला धरली. उभ्या चाकातून पाणी निघून जातं रे, आडवी पडलेली सायकल म्हणजे पाण्याला लावलेलं दार. त्याचा हात हँडलला होता. ती त्याला घेऊन कडेवरून खाली गेली. त्याने सोडली म्हणून वाचला, खाली करंजाच्या मुळांना अडकला, खांदा निखळला होता. सायकल तीन दिवसांनी खालच्या बंधाऱ्यात मिळाली. तो आता बरा आहे, चालवतो पण. मी मात्र त्या दिवशी त्याला हाताला धरून थांबवलं नाही हे अजून मनाला खातं.

आता तुझा प्रश्न, किती पाणी. वेगात वाहणारं पाणी सहा इंच असलं तरी उभ्या माणसाचे पाय उचलू शकतं, फूटभर पाणी छोटी गाडी हलवतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि वेग डोळ्यांना कळत नाही, खोली कळते. तू सत्तरीचा आहेस, तुला सांगायला नको की पाऊस वर घाटमाथ्यावर पडतो, सुर्ल्याला, चोर्ल्याला, पलीकडे कणकुंबीला, आणि ते पाणी खाली यायला वेळ लागतो. खाली ऊन आणि व्हाळ फुगतोय हे आपल्याकडे दर पावसाळ्यात होतं. गोव्यात सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस, तुमच्या बाजूला चांगल्या वर्षी चार हजारांच्याही पुढे, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्या पाण्याला खाली उतरायला व्हाळ सोडून दुसरी वाट नाही.

खुणा अशा. पाण्याचा रंग बदलून लाल गढूळ व्हायला लागला, पातेरा म्हणजे वाळका पाला आणि काटक्या तरंगत यायला लागल्या, आवाज जाड झाला, किंवा तळाचे दगड एकमेकांवर आपटल्याचा गुडुगुडु आवाज आला, तर एक मिनिट थांबायचं नाही, वर सरकायचं. तळ दिसत नसेल तर घालायचं नाही. कॉजवेची कड दिसत नसेल तर तर नाहीच नाही. पाणी वाहतंय आणि घोट्याच्या वर आहे, मग आजची राईड तिथे संपली, आल्या वाटेने परत. परतीची वाट लांब असेल म्हणून लोक धोका घेतात, त्यासाठी निघतानाच असा रस्ता आखायचा की मधे व्हाळ अडला तरी दिवस मावळायच्या आत घरी पोचता येईल. पावसाळ्यात मी तर गोल चक्कर आखतच नाही, जायचं आणि त्याच रस्त्याने यायचं.

डिसेंबरात, स्वच्छ पाणी, तळाचे गोटे दिसतायत, घोट्याखाली, तेव्हा खुशाल जा, पण उतरून, सायकल खांद्यावर घेऊन. पाणी हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, वर गेलं की बेअरिंगमध्ये शिरतं आणि महिन्याभरात चाक कुरकुरायला लागतं, ते वेगळंच. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात पाय घालू नको, लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप त्यातूनच होतो. जळवा लागतील, मीठ टाकलं की सुटतात, त्याचं काही मोठं नाही.

धबधब्यांचं पण सांगून ठेवतो. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीतल्या मैनापी धबधब्यावर दोघे जण बुडून गेले आणि वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. दर पावसाळ्यात निघायच्या आधी काय बंद आहे ते विचारून घ्यायचं. तुझ्या ग्रुपला हे वाचून दाखव. भित्रा म्हणणारे चौघे आहेत ना, त्यातल्या दोघांना तरी मनातून तुझ्यासारखंच वाटत असणार.

प्रश्न (फोंडा) : एका राईडनंतर चेनवर लाल चिखलाचा थर बसतो, प्रेशरने धुतली तर चालेल का? तेल कुठलं?

उत्तर : प्रेशरने धुऊ नका, पाणी बेअरिंगच्या आत जातं. बादली, मग, जुना दात घासायचा ब्रश, मग फडक्याने कोरडी करून तेल. उन्हाळ्यात कोरडं ल्यूब, कारण ओल्या तेलाला लाल धूळ चिकटून पॉलिशपेपरसारखी पेस्ट होते. पावसात ओलं ल्यूब. खोबरेल आणि जुनं इंजिन ऑइल दोन्ही नको. चेन मोजायची पट्टी स्वस्तात मिळते, ११ किंवा १२ स्पीडची चेन ०.५ टक्के ताणली की बदला, उशीर केला तर मागचे दातेही खाऊन टाकते. ट्यूबलेस टायरमधला भोकं बुजवणारा सीलंट आपल्या उकाड्यात दोन-तीन महिन्यांत सुकतो, टायर हलवून बघा, आत पातळ आवाज आला पाहिजे. पावसाळ्यात ब्रेक पॅड मेटलचे घाला, रेझिनचे लाल चिखलात पटापट झिजतात. आधी डिस्कवर कुठले चालतात ते मात्र बघून घ्या, काही स्वस्त डिस्क फक्त रेझिनसाठीच असतात, तसं त्यांच्यावर लिहिलेलं असतं.

प्रश्न (पर्वरी) : जंगलात सायकल घालायला परवानगी लागते का? कुणी म्हणतं लागते, कुणी म्हणतं रस्ता सरकारी आहे, कोण विचारतो.

उत्तर : दोन्ही अर्धं अर्धं खरं आहे. गोव्याच्या पूर्वेचा घाटाचा पट्टा जवळजवळ सगळा अभयारण्यांत येतो. म्हादई २०८ चौरस किलोमीटर, नेत्रावळी २११, ही दोन्ही १९९९ मध्ये जाहीर झाली, मधे मोल्याचं भगवान महावीर २४० च्या आसपास, त्याच्या आत राष्ट्रीय उद्यान. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात कुणीही उठून शिरू शकत नाही, पण त्यातून जाणाऱ्या सार्वजनिक हमरस्त्यावरून जाणाऱ्याला मुभा आहे. म्हणजे चोर्ला घाटाच्या, अनमोड घाटाच्या रस्त्याने जा, कुणी अडवणार नाही. त्या रस्त्याला फुटलेल्या कच्च्या वाटेवर चाक घातलंत की मात्र गोष्ट वेगळी, तिथे वन खात्याची परवानगी लागते, जवळच्या रेंज ऑफिसात जाऊन नम्रपणे विचारा, माझा अनुभव असा की आधी विचारणाऱ्याला ते वाट नीट समजावून सांगतात, कुठे गवे उतरतात, कुठे झाड पडलंय.

आणि कोण विचारतो हा सूर मला आवडत नाही, स्पष्ट सांगतो. २०२० च्या जानेवारीत म्हादईच्या जंगलात चार वाघ मेले, एक वाघीण आणि तिची पिल्लं, विष घालून मारलेले. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने हे जंगल व्याघ्र राखीव म्हणून जाहीर करा असं सांगितलं, तो वाद अजून पेटलेलाच आहे, आत राहणाऱ्या लोकांच्या जमिनीचा प्रश्न त्यात आहे आणि तो साधा नाही. अशा ठिकाणी आपण सायकलवर स्पीकर लावून, रात्री हेडलाईट मारत जाणं बरोबर नाही. सूर्य उगवल्यावर शिरा, मावळायच्या तासभर आधी बाहेर पडा. गवा वाटेवर उभा असेल तर थांबा, घंटी वाजवू नका, मागे सरका, तो त्याच्या वेळेने जाईल. सायकलला आवाज नसतो, वळणावर आपण एकदम त्याच्यासमोर येतो, म्हणून दाट भागात वळणाच्या आधी मी जरा मोठ्याने बोलत जातो.

प्रश्न (म्हापसा) : माझा मुलगा दर रविवारी सत्तरीत सायकल घेऊन जातो. माकडतापाबद्दल ऐकल्यापासून मला झोप नाही. त्याला जाऊ देऊ का?

उत्तर : बाय, जाऊ द्या, पण या चार गोष्टी त्याच्याकडून करून घ्या. हा आजार गोचिडीतून येतो, मूळ कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातला, १९५७ मध्ये तिथे सापडला म्हणून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. सत्तरीत २०१५ मध्ये पाली गावात पहिल्यांदा साथ आली. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, नेमका आपला सायकलीचा हंगाम, आणि काजूच्या बागांत माणसं काम करतात तोही. माणसाकडून माणसाला तो होत नाही, एवढी काळजी तरी कमी करा.

गोचीड बारीक असते, पातेऱ्यात बसलेली. म्हणून पायात लांब मोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, निघताना उघड्या अंगाला गोचीड-डास पळवणारं तेल किंवा क्रीम. विश्रांतीला पातेऱ्यावर किंवा गवतात बसायचं नाही, दगडावर किंवा रस्त्याच्या कठड्यावर बसायचं. घरी आल्यावर कपडे सरळ गरम पाण्यात, आणि अंघोळ करताना गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे हात फिरवून बघायचं. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढायची, नखाने चिरडायची नाही. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. रानातून आल्यावर आठ-दहा दिवसांत थंडी वाजून जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं असं काही झालं तर गोळी घेऊन घरी पडायचं नाही, डॉक्टरकडे जाऊन आधी सांगायचं, मी सत्तरीच्या रानात जाऊन आलो. हे वाक्य सांगायला लोक विसरतात आणि दोन दिवस साध्या तापाचे उपचार चालतात.

प्रश्न (कुडचडे) : बंद खाणींचे रस्ते छान रुंद आणि लाल आहेत, तिथे सराव केला तर?

उत्तर : नको. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, परत सुरू झाल्या, २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्या, आता लिलावात गेलेल्या काही ठिकाणी पुन्हा ट्रक फिरतायत, त्यामुळे कालची बंद खाण आज चालू असू शकते. आणि बंद असली तरी जुन्या खड्ड्यांत पाणी भरलेलं, कडा ठिसूळ, खोली किती ते वरून कळत नाही. जागा कुणाच्या तरी ताब्यातली, विचारल्याशिवाय आत जाणं बरोबरही नाही.

प्रश्न (नेत्रावळीजवळचा एक गाव) : मी सायकल चालवत नाही. आमचं कुळागर आहे, माझ्या आजोबांनी उभं केलेलं. गेली दोन वर्षं रविवारी सायकलवाले आमच्या पाटाच्या बांधावरून जातात, कारण त्यांच्या मोबाईलमध्ये तिथे वाट दाखवतात. बांध मातीचा आहे. तुम्ही लिहिता म्हणून लोक येतात, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

उत्तर : बाब, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे, आम्ही लिहितो म्हणून लोक येतात, आणि पाटाच्या बांधाचं आम्ही एकदाही लिहिलं नव्हतं.

वाचकांसाठी सांगतो. कुळागरात वरच्या व्हाळाला बांध घालून पाणी मातीच्या पाटाने आणतात आणि एकेका वाफ्याला पाळीने सोडतात, माडाला, पोफळीला, केळीला, मिरवेलीला. पाटाचा बांध हातभर रुंद असतो, वरून दाबून गुळगुळीत केलेला, म्हणून सायकलवाल्याला ती मस्त वाट वाटते, मोबाईलच्या नकाशातही पायवाट म्हणून रेघ येते. ४० मिलिमीटरचा टायर ओल्या बांधावरून गेला की चर पडते, चरीतून पाणी झिरपतं, रात्रीत बांध फुटतो, आणि खालच्या पोफळींची पाळी चुकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक पाळी चुकली तर त्याचा फटका सुपारीला पुढच्या वर्षीपर्यंत दिसतो. आपण पाच मिनिटं तिथून गेलेलो असतो.

तेव्हा यापुढे, पाणी वाहणारा पाट शेजारी दिसला तर ती वाट नव्हे, सायकल वळवा. आत घर असेल तर हाक मारा, विचारा, बहुतेक वेळा दुसरी वाट माणूस स्वतः येऊन दाखवतो, वर पाणी पण देतो. मी आधी छापलेल्या एका रस्त्यात असा एक तुकडा होता, तो कुणी वापरू नका, नेत्रावळीकडून डांबरी रस्त्यानेच पुढे या. नकाशावर ती रेघ खाजगी जागा म्हणून दुरुस्त करायला आम्ही दोघा जणांनी सुरुवात केलीय, तुमच्याकडची पण करतो, फक्त नेमकी जागा कळवा.

आणि पाऊस संपल्यावर तुम्ही पाट साफ करायला, बांध घालायला घेता ना, त्याचा दिवस ठरला की सांगा. आम्ही चौघे येतो, कुदळी आणि घमेली आमची आम्ही आणू, जेवायचं आमच्यासाठी वेगळं काही करू नका, पेज आणि तोंडाक, म्हणजे तोंडी लावायला, असेल ते चालेल.